यादी मागतात तेव्हा उत्तर द्या: व्यसनमुक्ती केंद्राच्या नोंदी सरकारी कार्यालयांना देण्याची रीत

“आपल्या संस्थेत दाखल असलेल्या सर्व रुग्णांची माहिती (नाव, पत्ता, मोबाइल, आधार क्रमांक, व्यसनाचा प्रकार) सोबतच्या प्रपत्रात भरून आजच्या आज ई-मेलने सादर करावी.” अशा मजकुराचं पत्र कधी आलं नाही असं व्यसनमुक्ती केंद्र विरळाच. कधी खाली सही-शिक्का असतो, कधी नुसता व्हॉट्सॲपवर फोटो येतो. केंद्रातला माणूस घाबरतो, एक्सेल उघडतो आणि सगळं पाठवून मोकळा होतो. काही केंद्रं याच्या दुसऱ्या टोकाला असतात. तिथे ‘गोपनीय आहे’ म्हणून काहीच देत नाहीत, अगदी तुरुंगातल्या डॉक्टरने चालू गोळ्या कोणत्या एवढंच विचारलं तरी.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका केंद्रात आधी समुपदेशक होते, आता नोंदी आणि पत्रव्यवहार बघते. कागद मागणारं पत्र आलं की मी पहिल्यांदा हे बघते: हे कार्यालय या माहितीवरून ठरवणार काय आहे? ते ठरवायला जेवढं लागेल तेवढं उत्तर द्यायचं, नोंद आपल्याकडे ठेवायची. न्यायालयाला उपचार झाले का ते हवं असतं, तुरुंगाच्या डॉक्टरला शेवटचा डोस, समाजकल्याणला आकडा. फाइल यातल्या कुणालाच वाचायची नसते. पत्र लिहिताना मात्र सगळे फाइलच मागतात, कारण काय मागायचं हे ठरवण्यापेक्षा सगळं मागणं सोपं असतं.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा) च्या कलम २७ प्रमाणे अमली पदार्थाचं सेवन हाच गुन्हा आहे. त्यामुळे समुपदेशकाने लिहिलेली ‘काल रात्री ब्राउन शुगर घेतली, स्टँडमागच्या अमक्याकडून आणली’ ही ओळ आपल्यासाठी रुग्णाचा इतिहास असते आणि तपास अधिकाऱ्यासाठी पुरावा. दारूच्या रुग्णाचं काय बिघडतंय, असं म्हणणाऱ्यांनी वर्ध्याचा किंवा गडचिरोलीचा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. तिथे दारूबंदी आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि अपवादही सांगतं: उपचार करणारे इतर डॉक्टर, रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, कुणाला इजा होण्याचा किंवा जिवाचा धोका, याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाचा, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा किंवा कायद्याने अधिकार असलेल्या प्राधिकरणाचा आदेश, आणि सार्वजनिक सुरक्षितता. धोका असला तरी तो टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची, असं कलमच सांगतं. कलम २४ मध्ये तर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही हाच हक्क लागू आहे, हे वेगळं लिहिलंय. ‘कॉम्प्युटरमधलं आहे, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्याला ते दाखवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आमच्यासारख्या केंद्राला हा आकडा हसू आणणारा वाटतो, पण विश्वस्तांच्या बैठकीत तो उपयोगी पडतो.

पत्र येण्याच्या आधीचं काम: नोंद फोडून ठेवा

ज्या दिवशी पत्र येतं त्या दिवशी घाई असते, त्यामुळे हे आधीच करावं लागतं. प्रत्येक रुग्णाची नोंद तीन थरांत ठेवा. पहिल्या थरात ओळख: नाव, पत्ता, मोबाइल, फोटो. दुसऱ्यात उपचाराची तथ्यं: दाखल तारीख, निदान, औषधं आणि डोस, डिस्चार्ज कसा झाला. तिसऱ्यात समुपदेशनाच्या टिपा: घरची मारहाण, चोऱ्या, माल कुठून येतो, बायको काय म्हणाली. तिन्ही थर जोडणारा फक्त एक केस क्रमांक असावा, आणि तो जन्मतारीख किंवा मोबाइलवरून बनवलेला नसावा.

सॉफ्टवेअर असेल तर पुरवठादाराकडून एवढं करून घ्या की ‘एक्सपोर्ट’ दाबल्यावर तिसरा थर कधीच बाहेर पडणार नाही. एक्सेलवर चालवत असाल तर तीन वेगळ्या फाइली करा. एकाच फाइलमधल्या तीन शीट चालत नाहीत, कारण लपवलेली शीट किंवा लपवलेला कॉलम समोरचा माणूस दोन क्लिकमध्ये उघडतो.

खरा चोर ‘शेरा’ नावाचा रकाना आहे. सगळे थर नीट केले तरी माणसं शेऱ्यात वाटेल ते लिहितात. ‘शेरा: पुन्हा पिऊन आला, बायको माहेरी, टेस्ट पॉझिटिव्ह.’ यातल्या शेवटच्या दोन शब्दांना २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा लागतो. त्याच्या कलम ८ प्रमाणे, कायद्याने सांगितलेले अपवाद सोडले तर, त्या व्यक्तीच्या माहितीपूर्ण लेखी संमतीशिवाय एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही. शेऱ्याच्या जागी ठरावीक पर्यायांची यादी द्या, आणि मोकळं लिहायची जागा फक्त तिसऱ्या थरात ठेवा. कर्मचारी आठवडाभर कुरकुर करतील. करू द्या.

संमती कधी आणि कशी

दाखल होताना रुग्णाचे हात थरथरत असतात, कधी त्याला भिंतीवर किडे दिसत असतात. त्या अवस्थेत घेतलेली सही म्हणजे संमती नाही. उपचारासाठी लागणारे कागद तेव्हा करावेच लागतात, पण माहिती दुसऱ्या कार्यालयाला देण्याची संमती डिटॉक्स (नशा उतरवण्याचा पहिला टप्पा) संपून माणूस शुद्धीवर, झोप-जेवण लागल्यावर घ्या. फॉर्म मराठीत असू द्या. त्यात चार गोष्टी हव्यात: कुणाला, कशासाठी, काय काय, आणि कधीपर्यंत. ‘सर्व शासकीय यंत्रणांना आवश्यक ती माहिती देण्यास माझी हरकत नाही’ हे वाक्य छापलेला फॉर्म तुमच्याकडे असेल तर तो रद्दीत टाका. प्रत्येक कार्यालयासाठी वेगळा कागद करा, शेवटची तारीख घाला आणि संमती मागे घ्यायची सोय ठेवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं.

रुग्णाचा प्रतिनिधी कोण, हे गृहीत धरू नका. सोबत आलेला भाऊ बिल भरतो म्हणून त्याला माहितीचा हक्क मिळत नाही. रुग्णाने मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कुणाला नेमलंय ते कागदावर बघा.

कोण मागतंय, त्याला काय द्यायचं

न्यायालय: एनडीपीएसच्या कलम ३९ प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी व्यक्तीला न्यायालय बंधपत्रावर उपचारांसाठी सोडू शकतं. त्या व्यक्तीने जास्तीत जास्त एका वर्षात उपचारांच्या निष्पत्तीचा अहवाल न्यायालयात द्यायचा असतो. शब्द ‘निष्पत्तीचा अहवाल’ असे आहेत, त्यात केसपेपर कुठेच नाही. आमचा मजकूर साधारण असा असतो:

“मा. न्यायालयाच्या दि. … च्या आदेशानुसार कळविण्यात येते की, केस क्रमांक … मधील व्यक्ती दि. … ते दि. … या कालावधीत या संस्थेत आंतररुग्ण म्हणून उपचार घेत होती. वैद्यकीय उपचार पूर्ण झाले आहेत. पाठपुराव्यासाठी दि. … पर्यंत दर … दिवसांनी बाह्यरुग्ण विभागात उपस्थिती अपेक्षित असून आजअखेर उपस्थिती नियमित आहे. सदर माहिती केवळ वरील प्रकरणाच्या कामी देण्यात येत असून अन्य कारणासाठी तिचा वापर अथवा पुढे प्रसार करू नये.”

शेवटचं वाक्य मी अमेरिकेतून उचललंय. तिथे व्यसनोपचाराच्या नोंदींसाठी १९७० च्या दशकापासून वेगळे संघीय नियम आहेत, आणि नोंद जिथे जाते तिथे तिच्यासोबत ‘पुढे देऊ नये’ अशी सूचना पाठवावी लागते. आपल्याकडे तसा वेगळा नियम नाही, पण वाक्य लिहायला कुणाची बंदीही नाही. उद्या तो कागद दुसऱ्याच प्रकरणात निघाला तर बोलायला जागा राहते.

एनडीपीएसच्याच कलम ६४अ च्या प्रकरणात आणखी सावध राहा. स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला त्या कलमाखाली खटल्यापासून संरक्षण मिळतं, आणि पूर्ण उपचार घेतले नाहीत तर ते काढून घेता येतं. त्यामुळे डिस्चार्जच्या रकान्यातला एक शब्द माणसाला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करू शकतो. ‘डामा’ (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन गेला, जिल्हा रुग्णालयात हलवला आणि आंतररुग्ण टप्पा संपवून ओपीडीवर आला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांपुढे ‘अपूर्ण’ लिहिणारा कर्मचारी मी त्या टेबलावरून हलवीन.

पोलीस: फोन येतो, “मॅडम, अमुक माणूस तुमच्याकडे आहे का, फक्त हो की नाही सांगा.” हो म्हटलं तर माहिती गेलीच, पण ‘नाही’सुद्धा सांगायचं नाही. कारण नसलेल्यांना ‘नाही’ आणि असलेल्यांना ‘सांगता येत नाही’ म्हणायला लागलात, की चार फोनमध्ये समोरच्याला सगळं कळतं. सगळ्यांना एकच उत्तर द्या: “साहेब, इथे कोण आहे, कोण नाही हे आम्ही फोनवर कुणालाच सांगत नाही. लेखी द्या, लगेच उत्तर देते.” हे वाक्य रिसेप्शनच्या फोनशेजारी चिकटवा, रात्रपाळीच्या वॉर्डबॉयलाही पाठ करायला लावा. हरवल्याची तक्रार असेल तर रुग्णालाच विचारा. बहुतेकदा तो स्वतः ठाण्यात फोन करून सुखरूप असल्याचं सांगायला तयार होतो आणि प्रश्न मिटतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ चं किंवा एनडीपीएसच्या कलम ६७ चं लेखी पत्र आलं तर मात्र ते फाडून टाकण्यासारखं नसतं आणि लगेच भरून देण्यासारखंही नसतं. पोच द्या, वकिलांना दाखवा, कोणता दस्तऐवज कोणत्या प्रकरणात हवा हे नेमकं विचारा, आणि शंका असेल तर न्यायालयाचा आदेश मागा. ‘सर्व रुग्णांची यादी’ हा कुठल्या एका प्रकरणातला दस्तऐवज नसतो. आणि एखादा रुग्ण ‘घरी जाऊन बायकोला संपवतो’ म्हणत भिंतीवरून उडी मारून पळाला, तर संमतीच्या फॉर्मची वाट बघू नका. त्या बाईला आणि ठाण्याला तेवढी गोष्ट लगेच सांगा. त्याची औषधं आणि जुना इतिहास सांगायची तेव्हा गरज नसते.

तुरुंग आणि सरकारी रुग्णालय: इथे उशीर जिवावर बेततो. दारू अचानक थांबली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रमाची अवस्था येऊ शकते. ब्युप्रेनॉर्फिनवर (ब्राउन शुगरसारख्या व्यसनावरचं औषध) असलेल्याचा डोस तुटला तर त्याचे हाल होतातच, शिवाय सहनशक्ती उतरल्यावर बाहेर येऊन त्याने जुन्याच मापाने नशा केली तर तो मरू शकतो. डॉक्टरने डॉक्टरला उपचारासाठी माहिती देणं मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये बसतं. तेव्हा औषध, डोस, शेवटचा डोस कधी दिला, पूर्वी झटके आले होते का, ॲलर्जी, एवढं त्याच तासात द्या. फक्त ते कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाऊ द्या, अधीक्षक कार्यालयाच्या सामायिक मेलवर नको. तिथे तो मेल कारकून, शिपाई सगळे वाचतात.

नोकरीचं खातं, मग ते एसटी असो, पोलीस दल असो वा जिल्हा परिषद, त्याला कामावर घ्यायचं की नाही एवढंच ठरवायचं असतं. ‘दि. … पासून कर्तव्यावर रुजू होण्यास वैद्यकीयदृष्ट्या योग्य’ हे पुरतं. ते डॉक्टरांच्या स्वतःच्या नोंदणी क्रमांकाच्या लेटरहेडवर द्या, कारण आपल्या लेटरहेडवर वरच ठळक अक्षरांत ‘व्यसनमुक्ती केंद्र’ छापलेलं असतं आणि तेच निदान होऊन बसतं.

समाजकल्याण आणि अनुदानाचं पोर्टल यांना आकडे हवे असतात. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना रजिस्टर जागेवर दाखवा, मोजू द्या, मोबाइलवर फोटो काढू देऊ नका. आकड्यांतही माणूस सापडतो, हे लक्षात ठेवा. गावनिहाय तक्त्यात ‘महिला – १, वय १८ ते २५, गांजा’ असं लिहिलं की त्या गावाला नाव सांगायची गरज उरत नाही. आम्ही ५ पेक्षा लहान आकडा असेल तर गावं जोडून तालुक्याचा आकडा देतो. नुसता तो रकाना झाकून भागत नाही, कारण बेरीज खाली दिलेली असते आणि वजाबाकी सगळ्यांना येते.

पाठवताना

पत्ता शासकीयच हवा, शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असलेला. ‘साहेबांचा पर्सनल जीमेल आहे, त्यावर टाका’ याला नम्रपणे नाही म्हणा. पत्रावरचा फोन नंबर खरा धरू नका. कार्यालयाच्या संकेतस्थळावरून नंबर काढून तुम्हीच फोन करा आणि जावक क्रमांक विचारा. पत्र खरं असेल तर तो मिनिटभरात मिळतो.

फाइल सेव्हन-झिपने एईएस-२५६ लावून कुलूपबंद करा आणि आतल्या फाइलींची नावं लपवायचा पर्यायही निवडा. काही कार्यालयांचा मेल अशी फाइल अडवतो. तिथे पासवर्ड लावलेली पीडीएफ चालेल. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला तर कुलपाचा उपयोग शून्य. तो फोनवर तोंडी सांगा. नावाची चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा पासवर्ड ठेवू नका. ई-आधारची पद्धत तीच असल्याने पहिला प्रयत्न लोक तोच करतात. फाइलचं नाव आणि मेलचा विषय फक्त जावक क्रमांकाचा ठेवा. ‘पाटील_दारू_अहवाल_अंतिम’ असं नाव दिलं तर फाइल उघडायचीही गरज राहत नाही.

आधार मागितलंच तर शेवटचे चार अंक दाखवणारी झाकलेली प्रत द्या. ‘आम्ही मोबाइल नंबरचा हॅश (ठरावीक गणिताने बनवलेला सांकेतिक मजकूर) करून पाठवतो, ओळख पटत नाही’ असं एखादा पुरवठादार सांगतो. मोबाइल नंबर दहा अंकी असतो, आणि साधा हॅश असेल तर शक्य असलेले सगळे नंबर करून जुळवून बघायला आजच्या कॉम्प्युटरला फार वेळ लागत नाही. यापेक्षा मघाचा केस क्रमांक बरा, त्याची किल्ली तुमच्याच कपाटात राहते.

पोर्टलवर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. बहुतेक केंद्रांत एकच लॉगिन असतं, ओटीपी संचालकांच्या मोबाइलवर येतो आणि दिवसभर ‘सर, ओटीपी सांगा’ चाललेलं असतं. मग कुणी काय बघितलं हे कधीच कळत नाही. नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच्या निरोपसमारंभाच्या आधी बंद करा.

आभा जोडताना

आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला रुग्णाचा आरोग्य क्रमांक. या मिशनची रचना मुळात बरी आहे. नोंद आपल्याकडेच राहते, मागणाऱ्याला रुग्णाची डिजिटल संमती लागते, आणि त्या संमतीत उद्देश, कालावधी, नोंदीचा प्रकार आणि मुदत लिहिलेली असते. वाटेत माहिती कुलूपबंद जाते. आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून उपचार अडवायचे नाहीत.

अडचण शीर्षकांची आहे. रुग्णाच्या ॲपमध्ये प्रत्येक भेट एका नावाने दिसते, आणि ते नाव आपलंच सॉफ्टवेअर ठरवतं. ‘व्यसनमुक्ती ओपीडी, ब्युप्रेनॉर्फिन’ असं तिथे उमटलं, तर मोबाइल हातात घेणारी मेहुणी संमतीशिवायच सगळं वाचते. ‘ओपीडी भेट’ आणि तारीख एवढंच ठेवायला पुरवठादाराला सांगा. केंद्राचं नोंदणीतलं नावही तिथे आणि एसएमएसमध्ये दिसू शकतं. मातृसंस्थेच्या नावाने नोंदणी करता येते का, हे सुरुवातीलाच बघा, कारण नंतर बदलणं किचकट आहे. रुग्णाला जोडण्याआधी विचारा: घरात हा फोन कोण वापरतं?

जावक रजिस्टर

प्रत्येक वेळी एक ओळ लिहा: तारीख, कुणाला, कोणत्या पत्रावरून, कोणत्या संमतीवर किंवा आदेशावर, काय दिलं, कुणी दिलं. मजकूर पुन्हा लिहू नका, नाहीतर रजिस्टरच गोपनीय फाइल बनतं. पाठवल्यावर ‘डाउनलोड्स’ फोल्डर आणि ‘सेंट’ मेल साफ करायला विसरू नका.

चुकीच्या ठिकाणी गेलं तर लगेच फोन करून पुसून टाकायला सांगा आणि पुसल्याचं लेखी घ्या. रुग्णालाही त्याच दिवशी सांगा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. सॉफ्टवेअर कंपनीच्या करारातच ही मुदत लिहून घ्या, म्हणजे ‘सोमवारी बघतो’ असं उत्तर मिळणार नाही.

रुग्णाने संमती मागे घेतली किंवा नोंदीत दुरुस्ती झाली, की याच रजिस्टरमधून आधी कुणाकुणाला काय गेलंय ते शोधा आणि त्या प्रत्येक कार्यालयाला एका ओळीचं पत्र पाठवा. पोच आली की जुन्या ओळीसमोर तिचा आवक क्रमांक लिहा. पोच नाही आली तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र काढा.